होडी दिसली की टेलरकाकाच का आठवतात

2019 च्या ऑगस्टमधली गोष्ट. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी धोक्याच्या 45 फुटांना कधीच मागं टाकून 57 च्या पुढं गेलेलं आणि आम्ही सांगलीत गावभागात वरच्या मजल्यावर अडकलेलो, लाइट नाही, मोबाइल मेलेला, खालच्या खोल्यांत पाणी भरलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पहिली होडी शिरली आणि होडीत पुढं उभं कोण, तर आमचे टेलरकाका. या माणसाला मी लहानपणापासून मशीनमागं बसलेलंच बघितलेलं, उभं असताना ते एवढे उंच आहेत हेसुद्धा मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती. आईनं कठड्यावरून जुन्या साडीच्या टोकाला बांधून भांडं खाली सोडलं, काकांनी त्यात दुधाच्या पिशव्या ठेवल्या, "वहिनी, ओढा आता" म्हणाले आणि होडी पुढं गेली. पाच मिनिटांचा सगळा मामला.

तेव्हापासून कुठंही होडी दिसली, हरिपूरच्या संगमावर असो नाहीतर कॅलेंडरवरच्या चित्रात, की मला टेलरकाका आठवतात. होडी आणि शिंपी यांचा एकमेकांशी काही म्हणजे काही संबंध नाही, तरी आठवतात.

आता गंमत बघा, नऊचा पाढा मी शाळेत शेकडो वेळा घोकला, तरी नऊ सत्ते म्हटलं की आजही क्षणभर थांबायला लागतं. आणि ही होडी-टेलरकाकांची जोडी एकदाच बघितली, कुणी पाठ करून घेतली नाही, परीक्षेला येणार नव्हती, तरी पक्की बसली. एकदाच बघितलेलं असं कसं बसतं? मेंदूत नेमकं काय होतं त्या पाच मिनिटांत? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता, आणि त्याचं उत्तर माणसाच्या मेंदूतल्या एकेका पेशीचं बोलणं ऐकून शोधलंय हे कळल्यावर मी जे जे मिळेल ते वाचत सुटले. ते जमेल तेवढं सोपं करून लिहिते.

आधी ही पेशी म्हणजे काय ते बघू. आपल्या मेंदूत साधारण 8600 कोटी न्यूरॉन आहेत, म्हणजे मज्जापेशी. प्रत्येक न्यूरॉनचं काम एका अर्थानं फार साधं आहे, त्याच्याकडं इतर हजारो पेशींकडून इशारे येत असतात, ते पुरेसे जमले की तो विजेचा एक छोटा झटका सोडतो, जेमतेम एक मिलिसेकंदाचा, आणि तो झटका पुढच्या पेशींपर्यंत जातो. बस. झटका सोडायचा किंवा नाही सोडायचा, लहान-मोठा झटका असा प्रकार जवळपास नसतोच, फरक पडतो तो किती वेळा आणि कधी सोडला याचा. शास्त्रज्ञ पेशीशेजारी बारीक तार ठेवून ती स्पीकरला जोडतात तेव्हा हे झटके चक्क ऐकू येतात. टक... टक... आणि मग एकदम टकटकटकटक. पायानं चालवायचं शिलाई मशीन डोळ्यापुढं आणा, काका कापड सरळ करताना सुई कशी एकेक टाका घेत असते आणि लांब शिवण आली की कशी धडाडत सुटते, अगदी तसं.

पण माणसाच्या जिवंत मेंदूत तार घालणार कोण? संशोधनासाठी म्हणून कुणी कुणाची कवटी उघडत नाही. इथं फिट येणाऱ्या पेशंटांचे आपण सगळे ऋणी आहोत असं मला मनापासून वाटतं. काही जणांच्या फिट्स कुठल्याच गोळीनं थांबत नाहीत, मग ऑपरेशन करून मेंदूतला तो फिट सुरू करणारा भाग काढायचा असतो, आणि तो भाग नेमका कुठला हे शोधायला आधी मेंदूत खोल इलेक्ट्रोड बसवतात आणि पेशंटला वॉर्डात ठेवून फिट यायची वाट बघतात. आठवडा जातो, कधी जास्त. लॉस एंजेलिसचे न्यूरोसर्जन इत्झाक फ्राईड यांनी या इलेक्ट्रोडच्या टोकाला केसापेक्षा बारीक तारा जोडल्या, त्यामुळे उपचारासाठी घातलेल्या त्याच साधनातून एकेका पेशीचे झटके पकडता यायला लागले. डोक्याला बँडेज, कधी फिट येईल सांगता येत नाही, आणि तशा अवस्थेत ही माणसं लॅपटॉपवर तासन्‌तास फोटो बघायला तयार झाली. आपल्याला आज जे माहितीये त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे.

2005 साली फ्राईड आणि रोड्रिगो किरोगा, क्रिस्टॉफ कॉख वगैरे मंडळींनी यातून जे बाहेर काढलं त्यानं खळबळ उडाली. एका पेशंटच्या मेंदूतली एक पेशी अभिनेत्री जेनिफर अ‍ॅनिस्टनचा फोटो दाखवला की धडाडायची आणि बाकी बहुतेक फोटोंना गप्प बसायची. फोटो बाजूनं काढलेला असो, केस वेगळे असोत, तिला फरक पडत नव्हता. दुसऱ्या एका पेशंटची पेशी हॅली बेरी या अभिनेत्रीला ओळखायची, फोटोला, पेन्सिलनं काढलेल्या चित्राला, आणि एवढंच नाही तर स्क्रीनवर नुसतं तिचं नाव लिहून आलं तरी. हे फार महत्त्वाचं आहे. नाव आणि चेहरा डोळ्याला अजिबात सारखे दिसत नाहीत, एक म्हणजे अक्षरं आणि एक म्हणजे नाक-डोळे. म्हणजे ही पेशी चेहऱ्याचा आकार ओळखत नव्हती, ती 'हॅली बेरी' या अख्ख्या कल्पनेला जागी होत होती. म्हणून अशा पेशींना कन्सेप्ट सेल म्हणायला लागले.

आता यातून बऱ्याच जणांचा एक गैरसमज होतो, माझाही झाला होता, की म्हणजे डोक्यात प्रत्येक माणसासाठी एकेक पेशी राखून ठेवलेली आहे, टेलरकाकांची एक, नगरसेवकाची एक, आणि ती मेली की तो माणूस विसरला. तसं नाही. जरा विचार करा, मेंदूच्या ज्या भागात या तारा घालतात तिथं पेशी कोट्यवधी, तारांना ऐकू येणार त्यातल्या जेमतेम काही डझन, आणि दाखवायला फोटो साधारण शंभर. एवढ्यात एखाद्या माणसाची पेशी हाताला लागली असेल तर त्याच माणसासाठी जागी होणाऱ्या तसल्या पेशी हजारो, लाखोंनी असणार, नाहीतर सापडणंच शक्य नव्हतं. आणि उलटंही खरं, एकच पेशी दोन-चार गोष्टींना जागी होते. मग टेलरकाका म्हणजे मेंदूत काय, तर बऱ्याच पेशींची एक टोळी, जी एकत्र जागी होते. कांदापोह्यात कांदा असतो आणि झुणक्यातही असतो, तसं एकच पेशी दोन टोळ्यांत असू शकते.

आणि हीच गोष्ट, दोन टोळ्यांत एक पेशी, आपल्या होडीच्या प्रश्नाची किल्ली आहे.

अ‍ॅनिस्टनवाल्या पेशीबद्दल एक बारीक गोष्ट तेव्हाच दिसली होती. दुसऱ्या दिवशी तिच्याच टीव्ही मालिकेतल्या एका सहकलाकार अभिनेत्रीचा फोटो दाखवला तर ती पेशी तिलाही जागी झाली. या दोघी दिसायला सारख्या नाहीत, पण लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं एकत्र बघितलंय. म्हणजे जोडी आहे हे पेशीला माहितीये. पण ही जोडी बसली कधी, कशी, ते कुणी बघितलं नव्हतं, ती आधीच बसलेली होती.

तर 2015 मध्ये मातियास आयसन, किरोगा आणि फ्राईड यांनी ती बसताना बघायचं ठरवलं. 14 पेशंट, 600 च्या वर पेशी. आधी नुसते फोटो दाखवून कुठली पेशी कुणाला जागी होते ते शोधलं. समजा एक पेशी एका ओळखीच्या माणसाला जागी होते पण पिसाच्या कलत्या मनोऱ्याला ढिम्म. मग त्यांनी तोच माणूस त्याच मनोऱ्यापुढं उभा आहे असा जोडफोटो बनवून दाखवला. घरच्या माणसांचे फोटो होते, क्लिंट ईस्टवूडसारखे नट होते, आयफेल टॉवर होता. जोड्या मुद्दामच अशा की आधी काही संबंध नको. म्हणजे बघा ना, हे होडीत शिंपी उभा करण्यासारखंच झालं. आणि मग परत नुसता मनोरा दाखवला, माणूस नाही. तर मघाशी मनोऱ्याला ढिम्म असलेली ती पेशी आता मनोऱ्याला जागी व्हायला लागली! दुसऱ्या कुठल्या इमारतीला नाही, फक्त त्याच. हा बदल व्हायला महिने, दिवस लागले नाहीत, मोजक्या वेळा दाखवल्यावर झाला, काही पेशींत तर एकदाच दाखवणं पुरलं. आणि पेशंटला ती जोडी जेव्हा लक्षात आली, त्याच सुमाराला पेशी बदलली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून तशीच बसून राहिले. म्हणजे त्या सकाळी कठड्यावर उभी असताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. टेलरकाकांची टोळी आणि होडीची टोळी एकाच वेळी जागी, आणि टेलरकाकांच्या टोळीतल्या काही पेशी तिथल्या तिथं होडीलाही जागं व्हायला शिकल्या. म्हणून आता नुसती होडी दिसली तरी त्या उठतात आणि बाकीच्या टोळीला उठवतात, गळ्यातल्या टेपसकट.

पण पेशी शिकते म्हणजे तिच्यात काय बदलतं? कॅनडाचे डोनाल्ड हेब यांनी 1949 साली एक अंदाज मांडलेला, की एक पेशी दुसरीला जागं करण्यात परत परत हातभार लावत असेल तर त्या दोघींमधला रस्ता पक्का होत जातो. पुरावा नव्हता तेव्हा. तो 1973 मध्ये टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशांवर काम करून दिला, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाकडं जाणाऱ्या वाटेवर जोरात झटके दिले तर तो जोड पुढं कित्येक तास तगडा राहतो. जोड म्हणजे सिनॅप्स. दोन पेशी एकमेकींना प्रत्यक्ष चिकटलेल्या नसतात, मध्ये फट असते, आणि ती ओलांडायला पहिली पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते.

पुढच्या पेशीच्या पापुद्र्यावर हे ग्लुटामेट झेलणारी दारं असतात. त्यातलं एक दार विचित्र आहे, त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. नुसतं ग्लुटामेट आलं तरी ते उघडत नाही. नुसती पेशी आतून तापली, म्हणजे इतर कुणाच्या इशाऱ्यानं जागी झाली, तरी त्यातून काही आत येत नाही. दोन्ही एकाच वेळी व्हायला लागतं. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हैसाळ योजनेचं आवर्तन सुटलं तर लाइट नसते, लाइट असते तेव्हा कालवा कोरडा, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन रानात उभं राहिलं आणि पाणी आणि लाइट दोन्ही एकाच वेळी मिळालं की मगच सरीत पाणी पोचतं. हे दार तसंच आहे. होडीचा इशारा बाहेरून आला आणि त्याच वेळी पेशी टेलरकाकांमुळं आधीच तापलेली असली की बूच उडतं, कॅल्शियम आत घुसतं, आणि ते कॅल्शियम आत जाऊन सांगतं की या जोडावर बूच नसलेली साधी दारं वाढवा. पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटला पेशी जास्त जोरात उठते. पुढं तासाभरात नवी प्रथिनं बनायला लागतात आणि जोडाचा तो बारीक कोंब खरोखर जाडसर होतो. आठवण म्हणजे शेवटी ही अशी दुरुस्ती, कुठं तरी ठेवलेला व्हिडिओ नाही.

घाबरलेल्या, जिवावर बेतलेल्या वेळी हे सगळं जास्त जोरात होतं, कारण तेव्हा अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढलेलं असतं आणि मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीची दखल घेणारा भाग, हिप्पोकॅम्पसला ढोसत असतो. पुरातलं लक्षात राहतं आणि पाढा राहत नाही याचं एक कारण हे.

हिप्पोकॅम्पस हा शब्द दोनदा आला. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, दोन्हीकडं एकेक असा हा भाग. तो नसला तर काय होतं हे हेन्री मोलेसन या माणसामुळं जगाला कळलं. 1953 साली, तो 27 वर्षांचा असताना, फिट थांबवायला म्हणून त्याचा दोन्हीकडचा हा भाग बराचसा काढला. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर नवी आठवण म्हणून त्याच्याजवळ जवळजवळ काही थांबेना. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाई त्याला वर्षानुवर्षं भेटायच्या आणि दर वेळी तो त्यांना नव्यानं भेटायचा. लहानपणचं आठवत होतं. आणि आरशात बघून चांदणीचं चित्र गिरवायचं अवघड काम दिलं तर त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला, पण हे आपण काल केलंय हे त्याला दर दिवशी नवंच. म्हणजे हाताची आठवण वेगळ्या घरात राहते. टेलरकाकांची बोटं काजं करताना कापडाकडं बघतही नाहीत, ती आठवण या टोळ्यांची नाही, तिचा कारभार मेंदूत वेगळीकडं चालतो.

आता आठवताना काय होतं. 2008 मध्ये फ्राईड यांच्याच गटानं 13 पेशंटांना छोट्या छोट्या व्हिडिओ क्लिपा दाखवल्या, मग थोडा वेळ दुसऱ्या कामात गुंतवून नंतर म्हणाले, आठवतील त्या सांगा. समोर स्क्रीन कोरी. तर एखादी क्लिप बघताना ज्या पेशी धडाडल्या होत्या त्याच पेशी पेशंट "अमुक क्लिप होती" असं बोलायच्या सेकंद-दोन सेकंद आधी परत धडाडायला लागल्या. तोंडातून शब्द यायच्या आधी आठवण तारेवर ऐकू येत होती! मला विचाराल तर या सगळ्या कामातला सगळ्यात अंगावर येणारा भाग हाच. म्हणजे आठवणं हे बघण्याचंच एक रूप आहे, त्याच पेशी, तीच टोळी, फक्त समोर काही नाही.

मग यात एक अडचणही आहे. 2000 साली करीम नादेर आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवर दाखवलं की जुनी पक्की झालेली आठवणसुद्धा एकदा वर काढली की काही काळ परत कच्ची होते, तिला पुन्हा प्रथिनं बनवून बसवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात ती बिघडवता येते. माणसाच्याही आठवणी सांगता सांगता बदलतात हे तर आपण सगळे बघतोच. आमच्या घरात टेपच्या रंगावरून वाद आहे. मी म्हणते पिवळी होती, आई म्हणते पांढरी, आणि दोघीही शपथेवर सांगायला तयार. गेल्या काही वर्षांत ही गोष्ट आम्ही इतक्या पाहुण्यांना सांगितलीये की खरी टेप कुठली ते आता आमच्या पेशींना विचारून कळणार नाही.

म्हणून मध्यंतरी ब्लाऊज टाकायला गेले तेव्हा काकांनाच विचारायचं ठरवलं. टेप त्यांच्या गळ्यात होतीच, निळी, नवी. मी म्हटलं, काका, पुरात तुम्ही आमच्याकडं होडीतून दूध दिलेलं आठवतं का?

"तर! तुमची ती कळशी की ओ," काका म्हणाले. "वहिनींनी साडीला बांधून सोडलेली. आता दुकानावरनं कुणी कळशी घेऊन गेलं की मला तुमचा कठडाच दिसतोय बघा."

आणि होडी बघून नाही आठवत?

"होडीत चार दिवस होतो की मी पोरी. किती घरं केली, काय म्हणून कुणाकुणाचं आठवायचं?"

खडूनं कापडावर रेघ मारत ते बोलत होते आणि मला एकदम लख्ख उजेड पडला. त्यांच्यासाठी होडी अख्ख्या पेठेला जोडली गेली होती, म्हणून ती एकट्या आमच्या घराला कशी उठवणार? पातेलं, टोपलं, पिशवी असं काय काय लोकांनी खाली सोडलं असणार, पण कळशी एकाच कठड्यावरून आली, आणि त्यांच्या डोक्यात टाका तिथं पडला. पाच मिनिटं तीच, पाणी तेच, दूध तेच, पण त्या घडीला तापलेल्या पेशी माझ्या वेगळ्या आणि त्यांच्या वेगळ्या.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "कळशी कुठली? स्टीलचा डबा होता तो. कडीचा."